सावजाचा वाटा

दोन भाषांच्या शिवेवर आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दांच्या काही गमती घरबसल्या पाहावयास मिळतात. मराठीत 'सावज' म्हणजे शिकाऱ्याचे भक्ष्य. ज्याच्यावर कोणीतरी टपून आहे असा जीव. सौराष्ट्रात, गीरच्या रानात, हाच शब्द सिंहाला लावतात. 'सावज आले' असे तेथे कोणी म्हणाला, की नेम धरावयाचा नसतो. गुरे आवरून घ्यावयाची असतात. जाणकार दोन्हींचे मूळ 'श्वापद' या एकाच संस्कृत शब्दात दाखवितात. एका आईच्या पोटी आलेल्या दोन भावांपैकी एक मारणारा निघावा आणि दुसरा मरणारा, तसे हे झाले आहे.

तिथींचीही तीच गोष्ट. आश्विन वद्य द्वादशीला आमच्या मराठी घरांत वसुबारस असते. सवत्स धेनूची पूजा होते. घरातील बायका त्या दिवशी दूधदुभते आणि गहू वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी यांवर उपास सोडतात. त्याच तिथीला आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे 'वाघबारस' असते. कोणी कोणी उंबऱ्यापुढे रांगोळीत वाघही काढतात. पंडित म्हणतात, मूळ शब्द 'वाक्-बारस', म्हणजे वाग्देवतेची बारस. वाघ त्यात मागाहून शिरला. असेल तसे. परंतु डांगच्या डोंगरांत, आणि आपल्याकडे अकोले-जव्हारच्या आदिवासी पाड्यांतून, त्या दिवशी वाघदेवाची पूजा खरोखरीच होते, आणि तिच्यात गुराख्यांचा मान मोठा असतो. गाईची आणि वाघाची तिथी एकच असावी, ही गोष्ट मला पंडितांच्या व्युत्पत्तीहून अधिक अर्थपूर्ण वाटत आली आहे. ज्याच्या दावणीला गाय आहे त्यालाच वाघाशी बोलणी करावी लागतात. इतरांना वाघ हा रांगोळीचा विषय.

हा विचार मनात घोळू लागला तो बडोद्याच्या गोत्री भागात राहावयास आल्यापासून. आमचे घराणे मूळचे दांडिया बाजारातले, गायकवाडी चाकरीतले. वाडा भावाभावांत वाटला गेला, मग पाडला गेला, आणि उतारवयात मी गोत्रीच्या एका सदनिकेत येऊन पडलो. गोत्री हे एके काळी शहराच्या पश्चिमेला असलेले स्वतंत्र खेडे. आता शहराने ते पोटात घेतले आहे. तळ्याभोवती इमारती उठल्या, मोठे रुग्णालय झाले, रस्त्यांना दुतर्फा दुकाने आली. तरी खेडेपणाची एक खूण पुसली गेलेली नाही. भल्या पहाटे कोठून तरी गाई येतात, चौकाच्या मधोमध संथपणे उभ्या राहतात, आणि त्यांच्यामागून डोक्याला पांढरे पागोटे गुंडाळलेला एखादा म्हातारा रबारी काठी टेकीत येतो. 'गोत्र' या शब्दाचा ऋग्वेदातील अर्थ गाईंचा गोठा असा आहे. गावाच्या नावाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. पण त्या गाई पाहताना तो शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

आमच्याकडे दूध घालणारे रबारी गृहस्थ असेच. घरातले सगळे त्यांना 'भाई' म्हणतात. तेही मला 'काका' म्हणतात, वस्तुतः वयाने माझ्याहून फारसे लहान नसावेत. आमची इमारत जेथे उभी आहे तेथे त्यांचे वडील गुरे चारीत असत. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, पावसाची गोष्ट सांगावी तसे सांगतात. त्यांच्या पत्नीचे माहेर गीरचे आहे हे कळले, तेव्हा आमच्या दोघांत एक वेगळाच धागा जुळला. कारण गीर माझ्याही घरात होते.

पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल, की गीरचे सगळे रान जुनागढच्या नवाबाचे नव्हते. पूर्वेकडचा काही भाग बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतात मोडत असे. धारी हे त्या बाजूचे गायकवाडी ठाणे. आजही गीर-पूर्व वनविभागाची कचेरी तेथेच आहे. माझे आजोबा महसूल खात्यात कारकून असताना काही वर्षे धारीला होते. त्यांच्या आठवणींत सिंह दिसल्याची गोष्ट एकही नव्हती. ऐकू आल्याच्या मात्र पुष्कळ होत्या. बडोद्यास बदली झाल्यावर पहिले काही महिने रात्र फार मोकळी वाटे, असे ते सांगत. लहानपणी मला त्या वाक्याचा अर्थ कळत नसे.

भाईंच्या सासुरवाडीची माणसे मालधारी. 'माल' म्हणजे गुरेढोरे, आणि ती बाळगणारा तो मालधारी. चारण, रबारी, भरवाड अशा अनेक जातींचे लोक या एका नावाखाली येतात. रानातल्या त्यांच्या वस्तीला 'नेस' म्हणतात. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या पाचदहा झोपड्या आणि भोवती काटेरी फांद्यांचे भरभक्कम कुंपण. दिवस उगवला की म्हशी आणि गीर गाई चरावयास सुटतात; बरोबर काठी-कुऱ्हाड घेतलेली माणसे असतात. दिवस मावळावयाच्या आत सगळा माल कुंपणात परत. सिंह बहुधा रात्री हिंडतो, म्हणून माणसाने रात्र त्याला सोडून दिली आणि दिवस आपल्याकडे ठेविला. वेळेची ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. तीत चूक झाली, एखादी म्हैस मागे राहिली, की सिंह आपला वाटा घेतो.

'वाटा' हा शब्द मी जाणून वापरीत आहे. मालधाऱ्याच्या हिशेबात सिंहाने नेलेले जनावर चोरीच्या खात्यात पडत नाही. शेतकरी जसा पाखरांचे आणि उंदरांचे धरूनच पीक मोजतो, तसा तो सावजाचा वाटा धरूनच कळप मोजतो. यात केवळ भाबडी श्रद्धा आहे असे मानू नये. रानातला चारा त्याला फुकट मिळतो, पाणी मिळते, शेणखत विकता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील अभ्यासकांनी २०१३ साली गीरच्या पशुपालकांचा जमाखर्च मांडून दाखविला. सिंहांनी मारलेली गुरे वजा घालूनही, रानात राहणारा पशुपालक रानाबाहेरच्या पशुपालकाहून फायद्यातच राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे सिंहाला दिलेला वाटा हा एका अर्थी रानाचा सारा होता. तो भरून बाकीचे पदरात पडत असे, म्हणून तो भरला जाई.

सिंह अजून शिल्लक आहे, यात या हिशेबाचा भाग किती मोठा आहे याचा विचार आपण क्वचितच करतो. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून सिंह नाहीसा झाला. शतक संपताना तो एका गीरपुरता उरला. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढास गेले असता त्यांनी सिंहाच्या शिकारीस नकार दिला आणि नवाबाने संरक्षणाचे धोरण चालविले, हे इतिहासात नोंदलेले आहे आणि त्याचे श्रेय योग्यच आहे. पण संरक्षित सिंहानेही काहीतरी खाल्लेच पाहिजे. १९७० च्या सुमारास पॉल जॉस्लिन या अभ्यासकाने सिंहांच्या आहाराची पाहणी केली, तेव्हा त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाळीव गुरेच निघाली. १९६८ च्या गणनेत सिंह होते १७७. त्या १७७ सिंहांना ज्यांनी पोसले त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. राजाने शिकार सोडली हे आपण जाणतो. गवळ्याने म्हैस सोडली हे जाणत नाही.

आता दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. १९६५ साली गीर अभयारण्य झाले. त्या काळच्या पाहण्यांत दिसले ते असे, की गुरे फार झाली होती, बाहेरचे कळपही दुष्काळात रानात लोटत, गवत उरत नव्हते, आणि चितळ-सांबर रोडावले होते. म्हणून १९७२ पासून मालधाऱ्यांना रानाबाहेर नेण्याची योजना आखण्यात आली. रानात तेव्हा सुमारे ८४५ कुटुंबे होती. त्यांपैकी पावणेसहाशेंच्या वर कुटुंबे पुढील पंधरा वर्षांत बाहेर वसविण्यात आली. प्रत्येकास आठ एकर जमीन द्यावयाची, असे ठरले. बाहेरच्या गुरांना अटकाव करण्यासाठी रानाच्या कडेने दगडी गडगा घातला गेला. १९७५ साली मधला गाभा राष्ट्रीय उद्यान झाला. याचे फळ मिळाले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. चितळ अनेक पटींनी वाढले, आणि १९८० नंतरच्या दशकात रवि चेल्लम यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा सिंहाच्या आहारात वन्य प्राण्यांचे पारडे जड झाले होते. रानाला श्वास घ्यावयास वाव मिळाला, हे खरे आहे. ज्याला गुराख्याबद्दल ममत्व आहे त्यानेही हे सत्य गिळून टाकता कामा नये.

तथापि रानाचा जमाखर्च बसला म्हणजे माणसाचाही बसला असे होत नाही. भाईंबरोबर मी एकदा त्यांच्या सासुरवाडीस गेलो होतो. ही माणसे नेसातून उठून रानाबाहेर वसलेल्यांपैकी. घर पक्के होते, विजेचा दिवा होता, अंगणात शाळेची दप्तरे पडली होती. भाईंच्या सासूबाई ओसरीवर बसून होत्या. हातावर गोंदण, कानांच्या पाळ्या जड दागिन्यांनी ओघळलेल्या. मी नेसातल्या दिवसांविषयी विचारले, तेव्हा त्या म्हशींची नावे घेऊन बोलू लागल्या. मालधाऱ्याची प्रत्येक म्हैस नावाने ओळखली जाते आणि नावाने हाक मारली की येते. अमकी नाल्याच्या वळणावर सावजाने नेली, तमकी पावसाळ्यात, तमकी गाभण असताना. स्थळ, ऋतू, सारे त्यांना तोंडपाठ. मी विचारले, "आणि इकडे आल्यावरच्या?" इकडे आल्यावर चारा विकत घ्यावा लागला, शेतीची सवय नव्हती, एक दुष्काळ पडला आणि म्हशी एकामागून एक बाजारात गेल्या. त्यांची नावे मात्र बाईंनी घेतली नाहीत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सुनेला चहा टाकावयास सांगितले.

सिंहाने नेलेल्या जनावराचा शोक करता येतो. विकलेल्या जनावराचा करता येत नाही, कारण त्यात आपलाच हात असतो. परत येताना मी ही गोष्ट मनात पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. त्या घरातील मुले शिकत आहेत, आणि त्यांतील एकालाही नेसात परत जावयाचे नाही, हेही मी पाहिले होते. मालधाऱ्याने रानातच राहावे, हा शहरी माणसाचा हट्ट मला धरावयाचा नाही. प्रश्न इतकाच, की वाटा कोणी भरला आणि मोबदला कोणाला मिळाला.

कारण वाटा मागणारा अजून तेथेच आहे. नव्हे, तो आता घराजवळ आला आहे. मे २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अभयारण्याच्या हद्दीबाहेर होते. उसाच्या मळ्यांत, नदीकाठच्या झुडपांत, गावांच्या पडीक गायरानांत ते वावरतात. शेतातल्या उघड्या विहिरींत सिंह पडत, म्हणून त्यांना कठडे बांधण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. मारल्या गेलेल्या जनावरांची भरपाई सरकार देते, आणि नीलगाय-डुकरांपासून पीक राखणारा म्हणून पुष्कळ शेतकरी सिंहाला बरा शेजारी समजतात. हा सलोखा खरा आहे, पण तो आपोआप टिकणारा नाही. भरपाई वेळेवर मिळाली, पंचनाम्याला माणूस आला, त्याने बाईशी नीट बोलून विचारपूस केली, तर म्हैस 'सावजाचा वाटा' ठरते. नाही तर तीच म्हैस 'सरकारी सिंहाने खाल्लेली आमची म्हैस' होते. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे तेच सगळ्या वन्यजीवरक्षणाचे मर्म आहे, असे मला वाटते.

चराई म्हणजे रानाची शत्रूच, ही समजूतही सर्वत्र खरी ठरलेली नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानात १९८२ साली गुरांना बंदी झाली. त्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्याच पाणथळीचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार माजले आणि ज्या पाखरांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा आखडली. म्हशी तेथे नकळत माळ्याचे काम करीत होत्या. गीरचा न्याय भरतपुराला लागू पडला नाही. भरतपूरचा गीरला लागू पडेल असेही नाही. किती गुरे, कोणत्या ऋतूत, कोणत्या कुरणात, हे त्या त्या भूमीला विचारूनच ठरवावे लागते. आणि भूमीची भाषा जाणणारा दुभाष्या बहुधा गुराखीच असतो.

या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांना मी दूरची गोष्ट सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे मरून पडलेले सापडले. ते विषाने मेले. वाघांनी गुरे मारली होती, आणि अटक झाली ती गवळी-धनगर समाजातल्या एका पशुपालक कुटुंबातील माणसांना. ज्या सत्तरीत वाघाच्या दगडी मूर्ती पूजिल्या जातात, जेथे 'वाघ्रो' हा रानाचा राखणदार मानला जातो, तेथे ही गोष्ट घडावी, याने अनेकांना धक्का बसला. मला मात्र तीत धक्क्याहून दुःख अधिक वाटले. श्रद्धा एका रात्रीत नाहीशी होत नाही. वाटा देऊन हातात काही उरत नाही, आणि आपण त्या रानात मालक, भागीदार की अतिक्रमक हेही कोणी सांगत नाही, अशा अवस्थेत श्रद्धेचा आधार हळूहळू खचत असतो. विषाचे समर्थन कोणीही करू नये. चार वाघ गेले ते पुन्हा येणार नाहीत. पण ते विष एका घरात तयार झाले असे मानून आपण सुटू पाहू, तर ते खरे होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तेथे तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र घोषित करण्याचा आदेश दिला. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वाघ राहिलाच पाहिजे असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणूनच नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या रेघेच्या आत दावण कोणाची आहे, हे विचारले जावे असे मला वाटते.

गोत्रीत सिंह नाही, वाघ नाही. आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मात्र मगरी आहेत. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या त्या नदीत २०२५ च्या गणनेत त्या चारशेंच्या वर भरल्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना दगड घातले नाहीत, पकडणाऱ्या स्वयंसेवकांना बोलावणी धाडली. मगरीला जागा देणाऱ्या या शहराला गाईसाठी मात्र जागा सापडत नाही. गायराने इमारतींखाली गेली, गुरे रस्त्यावर आली, अपघात होऊ लागले. लोकांची तक्रारही रास्तच. ३१ मार्च २०२२ रोजी गुजरात विधानसभेने शहरांतील गुरांवर निर्बंध घालणारे विधेयक संमत केले. मालधारी समाजाने राज्यभर विरोध केला, आणि २१ सप्टेंबरला ते मागे घेण्यात आले. त्या दिवशी मालधाऱ्यांनी दूध विकले नाही. आमच्या दारी भाई आले ते रिकाम्या हातांनी, उद्या येतो एवढे सांगावयास.

परवा त्यांनी सांगितले की दोन गाई ठेवून बाकीच्या ते गावाकडे धाडणार आहेत. मुलगा रिक्षा चालवितो, त्याला गोठ्यात रस नाही. मी काही बोललो नाही. रानातला मालधारी सिंहासाठी उठतो, शहरातला माणसांसाठी उठतो. पण उठणारा एकच. ज्याच्या कळपातून आपण दूध घेतो, ज्याच्या कळपातून वाघ-सिंह आपला वाटा घेतात, त्याच्या वाट्याला काय येते याची नोंद कोणाच्याही वहीत नाही.

आश्विन सरत आला की वसुबारस येईल, वाघबारस येईल, आणि दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात गोरवांपाडवो होईल. गुरांना न्हाऊ घालतील, शिंगे रंगवतील, गळ्यात फुलांच्या माळा घालतील. त्या दिवशी, माळ घालून झाल्यावर, गुरांमागे रानात जाणाऱ्या माणसाला जवळ बसवून घ्यावे आणि यंदा त्याचे कोणते जनावर गेले, त्याचे नाव काय होते, आणि ते कोणी भरून दिले, एवढे विचारून पाहावे.